एकवीस झोक्यांची धून

कॅनडातल्या माँट्रियल शहरात हिवाळा लवकर पाय काढत नाही. म्हणून बर्फ वितळला की माणसं रस्त्यावर येतात. २०११च्या वसंतात अशा बाहेर पडलेल्यांना शहराच्या मध्यवस्तीत, एका चिंचोळ्या जागेत, चक्क २१ झोपाळे टांगलेले दिसले. एका अंगाला नाट्यगृहं, दुसऱ्या अंगाला विद्यापीठाच्या विज्ञानशाखेच्या इमारती.

बसून पाय झाडले की सूर उमटतो. पियानो, गिटार, हार्प, व्हायब्राफोन अशा वाद्यांचे आवाज झोपाळ्यांना वाटून दिलेले. एकट्याच्या झोक्यातून मोजकेच स्वर निघतात. शेजारचा त्याच लयीत आला की धून खुलते. काही धुना तर अनेकांचे झोके जुळल्याखेरीज वाजतच नाहीत. अंधार पडला की झोपाळ्यांच्या बसायच्या फळ्या उजळतात.

मूना अँड्राउस आणि मेलिसा माँजिया यांच्या ‘डेली तू ले जूर’ या स्टुडिओची ही निर्मिती. संगीत रदवान गाझी मूमने यांचं. आणि सोबतीला ल्युक-आलँ जिराल्दो, म्हणजे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक! सहकार्य म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्याशी बोलून ठरलं.

या रचनेची खरी हुशारी झोपाळा निवडण्यात आहे. पडद्यासमोर हात हलवायला लावणाऱ्या कलाकृतींपुढे माणूस बरेचदा गोंधळून उभा राहतो. झोका घ्यायला कुणाला शिकवावं लागत नाही. अंगाला तो ठाऊक असतो. शिवाय भौतिकशास्त्रही मदतीला येतं. झोक्याला जाऊन-येऊन लागणारा वेळ मुख्यतः दोराच्या लांबीवर ठरतो, बसणाऱ्याच्या वजनावर नाही. त्यामुळे सारख्या लांबीच्या झोपाळ्यांवर आजोबा आणि सहा वर्षांची नात सहज एका लयीत येऊ शकतात. दोन अनोळखी माणसांना एकमेकांकडे बघून पाय आखडायला-सोडायला लावणं, हे एरवी कुठल्या शहरनियोजनाला जमतं? फुगडीत समोरच्याचा तोल आपल्या हातात असतो, तसंच काहीसं हे.

हे झोपाळे पुढे वर्षानुवर्षं दर वसंतात परत आले. त्यांची फिरती आवृत्ती अमेरिकेतल्या शहरांतही गेली.

आपल्या बागांत मात्र झोपाळ्याशेजारी ‘फक्त लहान मुलांसाठी’ अशी पाटी हमखास भेटते. नवी बाग आखणाऱ्यांनी मोठ्यांसाठी निदान दोन झोपाळे टांगावेत, तेही शेजारी-शेजारी आणि सारख्याच लांबीच्या साखळ्यांचे.