जुन्या रेडिओच्या पेटीत नवा आवाज

तुमच्या घरात माळवदाखाली, कणगीमागे किंवा उंच फळीवर एखादी लाकडी पेटी धूळ खात पडली आहे का? समोर सोनेरी जाळीचे कापड, खाली दोन-चार गोल बटणे आणि काचेच्या पट्टीवर मुंबई, दिल्ली, सिलोन अशी नावे? असेल, तर ती भंगारवाल्याला देण्याआधी हा लेख घरात सर्वांना वाचून दाखवा.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी आपला मुलूख परभणी जिल्ह्यात होता. त्या काळात गावात वीज यायची होती, तेव्हा रेडिओ घेणारे जाड कोरड्या बॅटऱ्यांवर चालणारा सेट घेत. ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी, नाहीतर फिलिप्स किंवा बुश. पोस्टात पैसे भरून त्याचा परवाना दरवर्षी नवा करावा लागे. ती पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. सिलोनवर १९५२ पासून गीतमाला, १९५७ पासून विविध भारती, आणि खेड्यातल्या श्रोत्यांसाठी शेतीचे कार्यक्रम. १९५६ मध्ये पुणे केंद्राने तर गावोगावी श्रोत्यांची मंडळे करून मोठा प्रयोग केला होता. एका पेटीभोवती सगळी आळी बसे.

पुढे ट्रान्झिस्टर आला, मग टीव्ही, मग मोबाइल. पेटी फळीवर गेली. आज ती दुरुस्त केली तरी शॉर्ट वेव्हवरची बरीच जुनी स्टेशने उरलेली नाहीत. बीबीसी हिंदीचे शॉर्ट वेव्ह प्रसारणसुद्धा ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. तेव्हा पेटी जुनी ठेवून आत नवा आवाज बसवावा, असे घरातल्या मुलांना वाटते. वाटण्यात काही गैर नाही. पण कसे बसवायचे, तिथे चूक होते.

माझी चूक

वडिलांचा सेट मी असाच ‘नवा’ करायला दिला होता. आतले सगळे काढून टाका, असे मीच सांगितले. कारागिराने काढले, समोरच्या फळीला करवतीने चौकोनी भोक पाडून रंगीत दिव्यांचा पट्टा बसवला. नावांची काच फुटली ती फुटलीच. आतला सांगाडा भंगारात गेला. गाणी मोठ्याने वाजू लागली खरी, पण आईने एकदा पाहिले आणि म्हणाली, “हा आपला नाही रे.”

त्यानंतर मामांचा सेट माझ्याकडे आला, तेव्हा एकच नियम केला: जे करायचे ते उद्या पुन्हा जसेच्या तसे उलटवता आले पाहिजे. तोच नियम तुम्हीही धरा.

आधी आत काय आहे ते पाहा

सेटची वायर प्लगला लावून ‘चालतो का बघू’ असे मुळीच करू नका. जुन्या वायरचे रबर कडक होऊन तडकलेले असते. आतल्या कंडेन्सरमध्ये दोनशे-अडीचशे व्होल्टपर्यंत वीज साठते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहते. मागचे पुठ्ठ्याचे झाकण जाणत्या माणसाकडूनच उघडून घ्या.

काचेच्या व्हॉल्व्हवरची इंग्रजी अक्षरे वाचा. सुरुवात ‘डी’ने असेल तर तो बहुधा बॅटरीचा सेट. ‘यू’ने असेल तर सावध! अशा सेटमध्ये बहुतेक वेळा आतला लोखंडी सांगाडाच थेट घरच्या विजेला जोडलेला असतो. त्याला मोबाइलची वायर जोडणे म्हणजे जिवाशी खेळ. ‘ई’ने असेल तर सेट ट्रान्सफॉर्मरवरचा असू शकतो, पण तेवढ्यावर विसंबू नका, तपासून घ्या. असा सेट चांगला असेल, तर काहीही न काढता मागच्या ग्रामोफोनच्या जागेतून मोबाइलचे गाणे वाजवता येते. ही सर्वांत उत्तम सोय.

सांगाडा काढायचाच असेल तर

सेट मेलेलाच असेल तर सांगाडा खालचे स्क्रू सोडून अख्खाच बाहेर घ्या. वायरी कापण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. व्हॉल्व्ह कागदात गुंडाळा, स्क्रू डबीत ठेवा आणि सगळे एका पत्र्याच्या पेटीत कोरड्या जागी ठेवा. उद्या नातवाला तो मूळ रूपात दुरुस्त करावासा वाटला, तर तुमचे नाव काढील.

नावांची काच ओल्या फडक्याने पुसू नका. अक्षरे काचेच्या मागच्या बाजूला असतात आणि पाण्याने निघून जातात. तिथे कोरडा मऊ ब्रश फिरवावा. लाकडावरची चुलीची काजळी मात्र किंचित ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडी करा. भुसा पडत असेल तर कीड आहे, आधी तिचा बंदोबस्त करा.

नवे काय आणि कसे बसवावे

बाजारात १२ व्होल्टवर चालणारे, ब्लूटूथ आणि एफ.एम. असलेले छोटे अँप्लिफायर बोर्ड मिळतात. पेटीला नवे भोक न पाडता, सांगाडा जिथे बसत होता त्याच मापाची प्लायची फळी कापून तिच्यावर बोर्ड बसवा आणि जुन्याच स्क्रूच्या भोकांत ती आवळा.

विजेचा अडॅप्टर पेटीत ठेवू नका. तो भिंतीवरच राहू द्या. म्हणजे २३० व्होल्ट पेटीच्या आत जातच नाहीत, फक्त १२ व्होल्टची वायर जाते. घरात लहान लेकरे असतात, म्हणून ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

जुना स्पीकर चुंबकाचा असेल आणि त्याचा कागद फाटलेला नसेल, तर तोच वापरा. त्याचा आवाज गोड असतो. मात्र त्यावरचा रोध मीटरने मोजा. बोर्डाला चार ओहम लागत असतील आणि स्पीकर त्याहून बराच कमी असेल, तर बोर्ड तापेल. फार जुन्या सेटमध्ये विजेवर चुंबक होणारा स्पीकर असतो. तो या कामाला नाही, तिथे नवा घाला. स्पीकरची कोणतीही तार लोखंडाला किंवा वजाच्या तारेला लागू देऊ नका. बोर्डाच्या उजव्या-डाव्या तारा एकत्रही करू नका. स्पीकर एकच असल्यास एकाच बाजूला जोडा आणि मोबाइलमध्ये ‘मोनो’ आवाजाची सोय चालू करा, म्हणजे गाण्यातली अर्धी वाद्ये हरवत नाहीत.

आवाज कमी-जास्त करायचे नवे बटण बाहेर दिसू नये. त्याची दांडी जुन्या भोकातून काढून तिच्यावर जुनेच गोल बटण घाला. ते किंचित ढिले बसते, दांडीला कागदाची पट्टी गुंडाळली की घट्ट होते. काचेमागे पिवळसर उजेडाचा १२ व्होल्टचा छोटा दिवा लावा.

लाइट गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न आलाच. बॅटरीच्या फवारणी पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी असते. तशी एक वेगळी बॅटरी घ्या. औषधाच्या पंपातली काढून घरात आणू नका. घरगुती आवाजाला अर्धा अँपिअर धरला तर हिशेबाने सोळा तास होतात, पण बॅटरी पुरती उतरवू नये म्हणून दहाच धरा. अधिकच्या तारेवर बॅटरीजवळच दोन अँपिअरचा फ्यूज घाला, आणि अधिक-उणे उलटे जोडू नका.

आकाशवाणी ऐकायची असेल तर प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ ॲपवर देशातली अनेक केंद्रे मिळतात.

मामांचा सेट असा तयार झाला. मामा ऐंशीच्या पुढचे, कानांनी अधू. त्यांनी कोणाला न विचारता डावीकडचे बटण पिळले. काचेमागे पिवळा उजेड आला, सकाळचे भजन लागले. मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “सेल आणले होतेस का रे?” त्यांच्या हिशेबी सेट बदललेलाच नव्हता. आईला मात्र मी तिचा सेट आता परत देऊ शकत नाही.

शेवटी एक करा. हा सेट कोणी, कोणत्या साली घेतला, आतले मूळ सामान कुठे ठेवले आहे, हे एका कागदावर लिहून पेटीच्या आत चिकटवा. जुने परवान्याचे पुस्तक सापडले तर तेही तिथेच ठेवा. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. साल त्यांनाच आठवत असते.