तेवीस वर्षांचे आयुष्य आणि एक सिद्धांत

संगणकशास्त्राच्या पुस्तकांत 'हर्ब्रँड' हे नाव हमखास येते. मुले ते परीक्षेपुरते पाठ करतात. हा माणूस कोण होता हे सहसा कोणी विचारत नाही. मी बरीच वर्षे गणित शिकवले. या नावामागची हकिकत सुरू केली की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा कान देऊन ऐकत. तीच हकिकत आज आपल्या वाचकांसाठी.

फ्रेंचमध्ये या नावाचा उच्चार साधारण 'एर्ब्राँ' असा होतो. ज्याक एर्ब्राँचा जन्म १२ फेब्रुवारी १९०८ रोजी पॅरिसला झाला. १९२५ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, 'एकोल नॉर्माल सुपेरिअर' या नामवंत संस्थेच्या प्रवेश परीक्षेत तो पहिला आला. पुढे त्याने विषय निवडला तो गणिती तर्कशास्त्राचा, म्हणजे सिद्धता कशी चालते याच्याच अभ्यासाचा. त्या काळी फ्रान्समध्ये या विषयाला मान नव्हता. थोर गणितज्ञ प्वांकारे यांनी त्याची टिंगल केली होती आणि १९१२ मध्ये ते वारल्यानंतरही त्यांच्या मताचे वजन कायम होते. जर्मनीत हिल्बर्ट आणि त्यांचे सहकारी जे लिहीत होते, ते वाचून ज्याकने आपली वाट काढली. १९२९ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्याचा प्रबंध तयार झाला. १९३० मध्ये पॅरिसमध्ये त्याला पदवी मिळाली. प्रबंध छापला गेला मात्र पोलंडमध्ये, वॉर्सात. तिथे तर्कशास्त्राचे जाणकार होते.

'सगळे' आणि 'कोणीतरी'

या प्रबंधाचा गाभा समजायला मोठे गणित लागत नाही. 'सगळे' आणि 'कोणीतरी' हे दोन शब्द आपण रोज वापरतो. घरात कन्नड बोलणे चालू असेल तर 'एल्लरू' आणि 'यारो'. भाषा बदलली तरी तर्कातले त्यांचे काम तेच राहते. आणि अडचणही तीच: 'सगळे' म्हटले की किती जणांना तपासायचे याला अंत नाही, आणि 'कोणीतरी' म्हटले की नेमके कोण, ते कळत नाही.

तर्कशास्त्रात एक कोडे प्रसिद्ध आहे. ते मी आपल्या पंगतीत मांडतो. 'कोणत्याही पंगतीत असा एक जण असतोच, की त्याने लाडू घेतला असेल तर सगळ्यांनी घेतलेला असतो.' ऐकताना हे साफ खोटे वाटते. पण पंगतीतल्या कोणाचेही नाव घ्या, समजा काकांचे. विधान त्यांना लागू पडले तर काम झाले. नाही पडले, तर अर्थ एकच: काकांनी लाडू घेतला, पण दुसऱ्या कोणीतरी घेतला नाही. त्या दुसऱ्या व्यक्तीला आपण मावशी म्हणू. आता मावशींचे नाव घ्या. 'मावशींनी लाडू घेतला असेल तर...' त्यांनी तो घेतलेलाच नाही, तेव्हा हे विधान खोटे पडायला जागाच उरत नाही. म्हणजे काका नाहीतर मावशी, दोघांपैकी एक जण नक्की चालतो. पंगत पाच जणांची असो की पाच लाखांची, दोन नावांत काम भागते.

ज्याकने सिद्ध केले ते असे: तर्काच्या बळावर सिद्ध होणाऱ्या अशा प्रत्येक विधानात 'कोणीतरी'च्या जागी मोजक्या, ठरावीक नावांची यादी ठेवता येते. अशी यादी असेल तर एकेक पायरी तपासत ती शोधूनही काढता येते. विधान सिद्ध होण्यासारखे नसेल, तर मात्र हा शोध कधीच न संपण्याचा संभव असतो.

जर्मनीतले वर्ष

१९३०च्या शरद ऋतूत रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन तो जर्मनीला गेला. बर्लिनला फॉन नॉयमन, हॅम्बुर्गला आर्टिन आणि गॉटिंगेनला एमी नोएदर, अशा दिग्गजांच्या सहवासात त्याचे ते वर्ष गेले. याच सुमारास व्हिएन्नातल्या कुर्ट गोडेल यांनी दाखवून दिले होते, की अंकगणितात विसंगती नाही हे अंकगणिताच्याच आधाराने सिद्ध करता येणार नाही. हिल्बर्ट यांच्या कार्यक्रमाला बसलेला हा मोठाच धक्का होता. ७ एप्रिल १९३१ रोजी ज्याकने गोडेल यांना पत्र लिहिले. त्यात आपल्या शोधांबरोबरच गणिती फलने कशी ठरवावीत याविषयी एक सूचना होती. १४ जुलैची तारीख घालून त्याने अंकगणिताच्या विसंगतिमुक्ततेवरचा आपला लेख पुरा केला आणि सुटीत आल्प्समध्ये गिर्यारोहणाला गेला.

गोडेल यांनी २५ जुलैला उत्तर लिहिले. २७ जुलैला ज्याक डोंगरात पडून मरण पावला. वय २३.

पुढे काय झाले?

गोडेल यांनी १९३४ मध्ये प्रिन्स्टनच्या व्याख्यानांत ज्याकची सूचना त्याचे नाव घेऊन, सुधारून मांडली. 'यंत्राला काय मोजता येते' या प्रश्नाच्या पहिल्या नेमक्या उत्तरांपैकी ते एक ठरले. मूळ पत्र मात्र बराच काळ सापडत नव्हते. गोडेल यांच्या कागदपत्रांतून जॉन डॉसन यांनी ते १९८६ मध्ये शोधून काढले.

त्या प्रबंधात चूकही होती. १९६३ मध्ये बर्टन ड्रेबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की त्यातली काही सहायक प्रमेये खोटी आहेत. पण नंतर सिद्धतेची डागडुजी झाली आणि मुख्य सिद्धांत खरा ठरला. तोवर संगणकाला सिद्धता शोधायला लावण्याचे प्रयत्न सुरू झाले होते, आणि त्यांचा पाया हाच सिद्धांत होता. १९६५ मध्ये जॉन अ‍ॅलन रॉबिन्सन यांनी त्यावर 'रिझोल्यूशन' ही पद्धत उभारली. त्या पद्धतीवर बेतलेली 'प्रोलॉग' ही संगणकभाषा १९७२च्या सुमारास फ्रान्समध्येच, मार्सेला तयार झाली. ज्या देशात ज्याकच्या विषयाला विचारणारे मोजके होते, तिथेच त्याची विद्या या वाटेने परतली.

अंकशास्त्रातही त्याचे नाव टिकून आहे. त्याने काढलेल्या एका निष्कर्षाची उलट बाजू केनेथ रिबेट यांनी १९७६ मध्ये सिद्ध केली. आज ते प्रमेय दोघांच्या जोडनावाने शिकवतात.

संगणकाकडून सिद्धता करवून घेण्याच्या क्षेत्रात १९९२ पासून ज्याकच्या नावाने पुरस्कार दिला जातो. तो मिळवणारे बहुतेक जण त्याच्या दुप्पट वयाचे तरी असतात.