पत्रिकेतला ‘नीच’ ग्रह म्हणजे नेमकं काय?



धारणी तालुक्यातल्या एका गटाच्या मासिक बैठकीत एका बाईनं पाच हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी, असं विचारलं तर ती आधी बोलेना. मग हळूच म्हणाली, “पोरीची पत्रिका दाखवली, ताई. रवी नीच निंगला म्हन्ते. पाहाले आलेले लोक मांगं सरले. शांती केल्याबिगर तिचं जमत नाई म्हन्ते.”

मुलगी वीस वर्षांची, बारावी झालेली. जन्म नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातला, ऐन भाऊबीजेचा. आईला पैशाचं दुःख कमी होतं. ‘नीच’ हा शब्द तिला लागला होता. आपल्याकडे ही शिवी आहे, आणि ती तिच्या लेकीच्या नावापुढं कोणीतरी लिहून दिली होती.

आम्ही काही ज्योतिषी नाही. पण त्या दिवशी ठरवलं, की ज्या शब्दाला बाया एवढ्या घाबरतात त्याचा अर्थ तरी समजून घ्यायचा. पंचांग घेऊन बसलो, पत्रिका मांडणाऱ्यांना विचारलं. जे कळलं ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

आकाशात सूर्य, चंद्र आणि ग्रह ज्या वाटेनं फिरताना दिसतात, त्या वाटेचे बारा सारखे भाग केले, त्या बारा राशी. बारा घरांची एक गोल वस्ती समजा. जुन्या ज्योतिषानं ही घरं सात जणांत वाटून दिली. सूर्य, म्हणजे रवी, आणि चंद्र यांना एकेकच घर. रवीचं सिंह, चंद्राचं कर्क. ही दोन्ही घरं शेजारी-शेजारी. मग त्यांच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या पाच जणांना दोन-दोन घरं दिली. लगतची मिथुन आणि कन्या बुधाची. त्यापुढची वृषभ आणि तूळ शुक्राची. मग मेष आणि वृश्चिक मंगळाची, मीन आणि धनु गुरूची. शेवटी उरलेली कुंभ आणि मकर शनीची.

हा क्रम कसा लागला? सूर्याच्या सगळ्यात जवळ राहणारा बुध, म्हणून त्याचं घर जवळ. शनी सगळ्यात सावकाश चालतो. पूर्ण फेरीला त्याला जवळपास ३० वर्षं लागतात, म्हणून त्याचं घर सगळ्यात लांब. एका राशीत तो साधारण अडीच वर्षं राहतो. तीन राशींची मिळून साडेसात, तीच आपली साडेसाती. राहू-केतूंना या वाटणीत घर नाही. काही ग्रंथ त्यांना घर देतात, पण त्यांचं एकमेकांशी जुळत नाही.

ग्रह आपल्याच राशीत असला की तो ‘स्वगृही’. बाई माहेरी मोकळी असते, तसा तो तिथं मोकळा, असं मानतात. याशिवाय प्रत्येकाला एक मानाचं घर दिलं, ती त्याची उच्च राशी. रवीची मेष, चंद्राची वृषभ, मंगळाची मकर, बुधाची कन्या, गुरूची कर्क, शुक्राची मीन आणि शनीची तूळ. उच्च राशीच्या बरोबर समोरची, म्हणजे तिच्यापासून मोजत गेलं की येणारी सातवी, ती नीच राशी. रवीची उच्च मेष, म्हणून नीच तूळ. गुरूची उच्च कर्क, म्हणून नीच मकर. म्हणजे ‘उच्च’ आणि ‘नीच’ हे ग्रहाचे पत्ते झाले. त्या दिवशी तो वस्तीतल्या कोणत्या घरात होता, एवढंच ते सांगतात. मुलीच्या स्वभावाबद्दल किंवा चारित्र्याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

आता हिशोब करू. आपल्या पंचांगाप्रमाणे रवी दरवर्षी साधारण १७ ऑक्टोबरपासून १६ नोव्हेंबरपर्यंत तुळेत असतो. या महिन्यात जगात जेवढी लेकरं जन्मतात, त्या सगळ्यांचा रवी नीचच. शनीची नीच राशी मेष. तो १९९८ च्या एप्रिलपासून २००० च्या जूनपर्यंत तिथं होता. त्या दोन वर्षांत जन्मलेली सगळी पोरं नीच शनीचीच. त्यातली कोणी आज शेती करते, कोणी नोकरी, कोणी आपल्या गटात सचिव आहे. चंद्र तर दर महिन्याला सव्वादोन दिवस वृश्चिकेत, म्हणजे नीच राशीत असतो.

आणखी एक गोष्ट. आपण लक्ष्मीपूजन करतो त्या दिवशी रवी तुळेतच असतो. रवी नीच असताना आपण लक्ष्मी पूजतो, भाऊबीजेला भावाला ओवाळतो. मग त्याच दिवशी जन्मलेली लेक तेवढी वाईट कशी?

उलट अक्षय तृतीयेला रवी मेषेत आणि चंद्र साधारण वृषभेत, दोघेही उच्च, म्हणून तो मुहूर्त मोठा मानतात. पण दोन्ही ग्रह उच्च असले तरी १८ वर्षं पूर्ण न झालेल्या मुलीचं लग्न त्या दिवशीही बालविवाहच ठरतं. तसं कुठं होताना दिसलं तर १०९८ वर फोन करा.

ही वाटणी फार जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहज्जातक’ लिहिलं, त्यात ती आहे. त्याच ग्रंथात मेषेला ‘क्रिय’ आणि वृषभेला ‘तावुरि’ अशी ग्रीक भाषेतून आलेली नावंही आहेत. त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात, इजिप्तमधल्या टॉलेमीनं घरांची हीच वाटणी लिहून ठेवली होती. म्हणजे माणसांनी मांडलेली ही रचना देशोदेशी फिरली. फिरताना बदललीही. पाश्चात्त्य ज्योतिषी राशी आपल्यापेक्षा सुमारे २४ अंश सरकवून मोजतात. त्यांच्या हिशोबानं भाऊबीजेच्या त्या मुलीचा रवी तुळेत नाहीच, तो वृश्चिकेत आहे. म्हणजे नीच नाही. मुलगी तीच, जन्म तोच.

शास्त्र मानणाऱ्या सख्यांनाही एक सांगतो. त्याच शास्त्रात ‘नीचभंग’ सांगितला आहे. काही योग असले की नीचपणा रद्द होतो. फक्त ‘नीच आहे’ एवढं सांगून जो शांतीचा खर्च सांगतो, त्यानं तुम्हाला अर्धंच सांगितलं.

पत्रिका हाती आली तर हे बघा. चौकटीतले १ ते १२ आकडे राशींचे असतात, १ म्हणजे मेष, ७ म्हणजे तूळ. र, चं, मं ही ग्रहांची अक्षरं. ग्रह कोणत्या राशीत आहे ते जन्मतारखेवरून निघतं. पण वरच्या मधल्या घरातलं लग्न साधारण दर दोन तासांनी बदलतं, आणि ‘मंगळ आहे’ की नाही हे मुख्यतः त्यावरूनच ठरवतात. आपल्या मेळघाटात कितीतरी बाळंतपणं घरीच झाली. वेळ विचारली तर आई सांगते, कोंबडा आरवला तेव्हा. त्या वेळेवर मोबाईलनं काढलेल्या पत्रिकेचा किती भरवसा धरायचा? कितीतरी कोरकू घरांत तर पत्रिका कधी मांडलीच नाही, आणि त्यांचेही संसार झालेच.

याची परीक्षाही महाराष्ट्रात झाली आहे. पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सोबत्यांसह २०० पत्रिका जमवल्या. १०० हुशार मुलांच्या, १०० बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून कोणती कोणाची ते सांगितलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सगळं सांगितलं. विचारलं, दिवाळीच्या आगेमागे कोणाकोणाचं लेकरू जन्मलं? चार हात वर झाले. त्यात गटाच्या अध्यक्षबाईचाही होता. ती म्हणाली, “मंग माह्या पोराचाबी नीचच असन. तो तं मजेत हाये.” सगळ्या हसल्या, ती आईही हसली. कर्जाचा अर्ज तिनं स्वतःच मागे घेतला.

गेलेलं स्थळ काही परत आलं नाही. ते आमच्या हातात नव्हतं. पण आता कोणी तिच्या लेकीला ‘नीच’ म्हटलं तर ती विचारते, “कोन नीच? रवी का पोरगी?”

सख्यांनो, तुमच्या गटातही शांतीसाठी कर्जाचा अर्ज आला तर त्या बाईला रागावू नका. आधी पत्रिका मागा, आकडे वाचा, तारीख पाहा. आणि त्याच महिन्यात जन्मलेली बैठकीतली बाकीची लेकरं मोजा.