ओहोटीला चरणारी मेंढरे

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी द्वीपसमूहात, नॉर्थ रोनाल्डसे नावाचे चिमुकले बेट आहे. १८३२ साली त्याच्याभोवती दगडी गडगा घातला गेला. शेते आत राहिली, मेंढरे बाहेर, समुद्राकाठी. ओहोटी लागली की ती उघड्या पडलेल्या खडकांवरचे शेवाळ खातात आणि भरती आली की रवंथ करीत बसतात. विणीच्या दिवसांत तेवढ्या माद्या आत घेतात. शेवाळात तांबे कमी. म्हणून मिळेल तेवढे तांबे शोषून घेण्याची सवय या मेंढरांच्या शरीराला पिढ्यान्‌पिढ्या लागली. नुसत्या गवतावर फार दिवस ठेवले, तर त्याच तांब्याची त्यांना विषबाधा होऊ शकते.

म्हणजे, त्यांचे पाहून आपल्या गायीपुढे शेवाळ टाकून चालणार नाही. सुकवलेल्या तपकिरी शेवाळाची भुकटी पशुखाद्यात ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाते. (नैसर्गिक तर धोतराही आहे!) तिचे खरे बळ आयोडीनमध्ये. ते कमी पडले, तर गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजते, वासरे अशक्त किंवा मेलेली जन्मतात. थोडीशी भुकटी ही उणीव भरून काढते. पण जास्तीचे आयोडीन दुधात उतरते आणि ते दूध घरातले पोर पिते. शिवाय शेवाळातले त्याचे प्रमाण जातीगणिक, ऋतूगणिक बदलते.

एक लाल शेवाळ गायीच्या पोटातला मिथेन वायू घटवते, त्याचा बराच गाजावाजा झाला. तो फायदा मुख्यतः हवेचा. गायीच्या प्रकृतीचा प्रश्न वेगळा.

आंबोणात भुकटी मिसळण्यापूर्वी पिशवीवर आयोडीनचा आकडा छापला आहे का, ते पाहावे. खनिज मिश्रण आधीच चालू असेल, तर त्यातही बहुधा आयोडीन असते. दोहोंची बेरीज पशुवैद्याकडून करून घ्यावी.