पत्रा बघावा रंगाखालचा

एप्रिल-मे आला की कोकणात पत्र्याच्या दुकानांपुढे टेम्पोंची रांग लागते. गच्चीवरची शेड, पडवी, गोठा, सगळं मिरगाच्या आत उरकायचं असतं. त्या घाईत गिऱ्हाईक रंग बघतं आणि चरे बघतं. पत्र्याचं आयुष्य मात्र ठरतं ते पोलादाच्या जाडीवर आणि त्याला चढवलेल्या जस्ताच्या थरावर, आणि हे दोन्ही रंगाखाली झाकलेलं असतं.

सगळ्यात घट्ट रुतलेला गैरसमज चऱ्याचा. ‘ओरखडा आला, आता इथूनच गंज धरणार’ म्हणून लोक अख्खा पत्रा परत पाठवतात. रंगीत पत्र्याच्या वरच्या बाजूचा रंग साधारण २० ते २५ मायक्रॉनचा असतो. त्याच्याखाली जस्ताचा किंवा ॲल्युमिनियम-जस्ताचा थर असतो आणि मग पोलाद. बहुतेक ओरखडे रंगातच थांबतात. एखादा बारीक चरा पोलादापर्यंत गेला, तरी शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि उघड्या पोलादाला सांभाळतं. पत्र्याच्या कापलेल्या कडा कोणी रंगवत नाही, तरी तिथून गंज भराभर आत सरकत नाही, त्याचंही कारण हेच.

खरं नुकसान होतं ते या चऱ्यावरच्या उपायाने. कोणीतरी स्प्रेचा डबा आणतं आणि बोटभर ओरखड्यासाठी हातभर पट्टा रंगवतं. कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला असतो, डब्यातला हवेवर वाळतो. ऊन या दोघांना सारखं उडवत नाही, त्यामुळे काही पावसाळ्यांत ते ठिगळ लांबूनही दिसू लागतं. चऱ्यात राखाडी चकाकी दिसत असेल तर त्याला हात न लावलेलाच बरा. अगदीच डोळ्यांत खुपत असेल तर बारीक ब्रशने, चऱ्यापुरताच रंग भरावा. तांबूस डाग आला असेल तर तेवढीच जागा घासून जस्तयुक्त प्रायमर आणि मग रंग द्यावा. आजूबाजूला सँडपेपर फिरवू नये, चांगलं जस्त निघून जातं.

पोच्याचंही तसंच. उथळ पोचा दिसायला वाईट, एवढंच. तो दोन पत्र्यांच्या जोडावर असेल, किंवा पत्रा घडी पडल्यासारखा मोडून रंगाला भेगा गेल्या असतील, तर मात्र तो पत्रा घेऊ नये.

‘नवीन पत्र्यावर महिनाभरात लाल ठिपके आले, म्हणजे माल डुप्लिकेट.’ दरवेळी तसं नसतं. छपरावरच ग्राइंडरने पत्रा कापला की तापलेल्या ठिणग्या रंगात रुततात. ड्रिलचा लोखंडी चुरा पन्हळींत पडून राहतो. पहिल्याच ओलीत गंजतो तो हा चुरा, आणि डाग पत्र्यावर उमटतात. फिटरला पत्रा कातरीने किंवा निबलरने कापायला सांगा आणि काम संपेल त्याच संध्याकाळी मऊ झाडूने छप्पर झाडून घ्या. ओल्या सिमेंटचे शिंतोडेही लगेच धुवावेत, ते जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातात. बिनरंगी गॅल्व्हल्यूमवर, म्हणजे ॲल्युमिनियम-जस्ताचा थर असलेल्या पत्र्यावर, शिसपेन्सिलने खुणा करू नयेत, त्या ग्राफाइटने थर खराब होतो.

आणखी एक समजूत: ‘पत्रा पावसासाठीच असतो, मग अंगणात भिजला तर काय बिघडलं?’ छपरावर तो भिजतो आणि सुकतो, त्यातून जस्तावर टिकाऊ पापुद्रा तयार होतो. गठ्ठ्यात दोन पत्र्यांमध्ये शिरलेल्या पाण्याला वारा लागत नाही, आणि जस्त पांढऱ्या भुकटीसारखं उठू लागतं. पत्रे लाकडी ठोकळ्यांवर, एक बाजू उंच करून ठेवा. प्लास्टिकने आवळून गुंडाळू नका, आत घाम धरतो. गठ्ठा भिजलाच तर सोडवून एकेक पत्रा सुकवा. चऱ्यापेक्षा हे शंभरपट महत्त्वाचं आहे.

आता खरेदी. गॅल्व्हल्यूम म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा नव्हे. तो पोलादाचाच, चुंबक त्याला चिकटतो. फक्त थरात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असतं. तो सगळीकडे सरसही नाही. बंदिस्त गोठ्यात शेणामुताच्या अमोनियाने हा थर खराब होतो, तिथे तो टाळावा.

जाडीत तर सर्रास गफलत होते. ‘अर्ध्या एमएमचा’ म्हणून विकला जाणारा पत्रा बहुधा थर धरून, म्हणजे टीसीटीने, अर्धा मिलिमीटर असतो. नुसतं पोलाद, म्हणजे बीएमटी, त्याहून कमी. शंका असेल तर वजन करा. १ मिलिमीटर जाडीच्या १ चौरस मीटर पोलादाचं वजन ७.८५ किलो असतं. हिशेब पन्हळी पाडण्याआधीच्या रुंदीने करायचा, आणि ती बऱ्याचदा १,२२० मिलिमीटर असते. त्या रुंदीचा, ०.४५ बीएमटीचा १२ फुटी पत्रा थर आणि रंग धरून साडेसोळा किलोच्या आसपास भरतो. काट्यावर १३ किलो आले तर पोलाद ०.३५ च्या घरातलं आहे.

बिलावर बीएमटी आणि दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला किती ग्रॅमचा थर आहे, हे लिहून मागा. दुकानदार तयार नसेल तर तिथे पत्रा घेऊ नका.