घराघरांतील वीज, लेखांक ७ : बदललेली संहिता आणि वायरमनचे शिक्षण

घरातील वायरिंगला लागू होणारे नियम भारतात एकाच पुस्तकात बांधलेले नाहीत, आणि वायरमनच्या प्रशिक्षणात जो गोंधळ दिसतो त्याचा उगम बऱ्याच अंशी येथेच आहे. एका बाजूस भारतीय मानक ब्यूरोची मानके आहेत : वायरिंगच्या कामाची कार्यसंहिता म्हणजे आयएस ७३२, अर्थिंगची कार्यसंहिता म्हणजे आयएस ३०४३, आणि अशा अनेक मानकांतील सूत्रे एकत्र आणणारी राष्ट्रीय विद्युत संहिता. दुसऱ्या बाजूस २००३ च्या विद्युत अधिनियमाने दिलेल्या अधिकारात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेले सुरक्षाविषयक विनियम आहेत. मानक हे चांगले काम कसे असते ते सांगते, तर विनियम हा कायद्याचा भाग असल्यामुळे तो पाळण्यावाचून गत्यंतर नसते. मात्र विनियमांतच संबंधित मानकांचा हवाला दिलेला असल्याने प्रत्यक्ष कामाच्या जागी ही दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

या दस्तऐवजांच्या आवृत्त्यांचे अंतर पाहिले की प्रशिक्षणाची अडचण लक्षात येते. आयएस ७३२ ची १९८९ ची आवृत्ती २०१९ पर्यंत चालू राहिली. आयएस ३०४३ ची १९८७ ची आवृत्ती २०१८ मध्ये बदलली. राष्ट्रीय विद्युत संहिता १९८५ नंतर २०११ मध्ये आणि त्यानंतर २०२३ मध्ये नव्याने आली. आणि १९५६ च्या भारतीय वीज नियमांची जागा प्रथम २०१० च्या व मग २०२३ च्या विनियमांनी घेतली. म्हणजे १९९० च्या सुमारास विशीत परवाना मिळवलेला वायरमन आयएस ७३२ ची पुढची आवृत्ती येईपर्यंत पन्नाशीला टेकलेला होता, आणि मधल्या तीस वर्षांत त्याच्या हाताला जी सवय लागली तिला अनुभव असेच नाव मिळाले होते. अमेरिकेत १८९७ मध्ये प्रथम निघालेली विद्युत संहिता आता दर ३ वर्षांनी सुधारली जाते आणि तेथील अनेक राज्यांत परवान्याच्या नूतनीकरणासाठी ठराविक तासांचे नवे शिक्षण घ्यावे लागते. तेथे बदल थोडा थोडा पचतो. आपल्याकडे तो एकदम अंगावर येतो.

तथापि बदल किती वर्षांनी झाला यापेक्षा तो कोणत्या जातीचा आहे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जुन्या पद्धतीचे शिक्षण पाककृतीसारखे होते. दिव्याला ३/२२ ची तार, पॉवर पॉइंटला ७/२० ची, अर्थच्या खड्ड्यात कोळसा व मीठ, फ्यूजमध्ये ठराविक जाडीची तार, एवढे पाठ झाले की काम येते असे मानले जाई. नव्या संहितेचा भर साहित्यापेक्षा परिणामावर आहे. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६०३६४ या मानकमालेच्या वळणाने जाणारी ही विचारसरणी असे विचारते की बिघाड झाल्यास पुरवठा किती वेळात तुटेल, आणि तो तितक्याच वेळात तुटेल हे मोजून पाहिले आहे का. म्हणूनच वायरमनच्या पिशवीत टेस्टर आणि पक्कड यांच्या जोडीला मोजणीची साधने आली नाहीत तर नवी संहिता शिकवली असे म्हणता येत नाही, मग वर्गात कितीही तास व्याख्याने झालेली असोत.

उदाहरणार्थ, फेजची तार सुटून उपकरणाच्या धातूच्या आवरणाला लागली, तर प्रवाह फेजमधून निघून आवरणावाटे अर्थच्या तारेत शिरतो आणि ट्रान्सफॉर्मरपर्यंत परत जाऊन वर्तुळ पूर्ण करतो. या संपूर्ण वाटेतील विरोधाला बिघाड-वलयाचा संरोध म्हणतात. कारागीर त्याला नुसते ‘लूप’ म्हणतात. पुरवठा संस्थेच्या अर्थशी तारेने जोडलेल्या घरात २३० व्होल्टच्या अंतिम मंडलासाठी, म्हणजे स्विच-सॉकेटपर्यंत जाणाऱ्या शेवटच्या फाट्यासाठी, वर उल्लेखिलेले आंतरराष्ट्रीय मानक पुरवठा ०.४ सेकंदात तुटावा अशी अट घालते. आता १६ अँपिअरचा ‘बी’ वर्गाचा एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच, तत्काळ पडण्यास जास्तीत जास्त पाचपट, म्हणजे ८० अँपिअर प्रवाह लागतो, तर त्याच आकड्याच्या ‘सी’ वर्गाच्या एमसीबीला दहापट, म्हणजे १६० अँपिअर. २३० ला या आकड्यांनी भागले की पहिल्यासाठी वलयाचा संरोध सुमारे २.८७ ओहमपर्यंत चालतो आणि दुसऱ्यासाठी तो १.४४ ओहमच्या आत असावा लागतो. दुकानात ‘बी’ मिळाला नाही म्हणून ‘सी’ बसवणे ही किरकोळ अदलाबदल वाटते, पण तिने सुरक्षिततेची अट दुपटीने कडक झालेली असते, आणि ती पुरी होते की नाही हे लूप मोजल्याखेरीज कोणालाही सांगता येत नाही.

ज्या घराची सारी भिस्त अंगणातल्या अर्थच्या खड्ड्यावर आहे तेथे हा हिशेब आणखी डोळे उघडणारा ठरतो. घरच्या खड्ड्याचा रोध १० ओहम आणि ट्रान्सफॉर्मरच्या अर्थचा २ ओहम धरला, तर बिघाडाचा प्रवाह जेमतेम १९ अँपिअर होतो. ३२ अँपिअरचा एमसीबी त्याची दखलही घेत नाही, आणि त्या वेळी गिझरच्या पत्र्यावर सुमारे १९० व्होल्टचा दाब उभा असतो. परंपरेने यावर सुचणारा उपाय म्हणजे खड्ड्यात आणखी मीठ टाकणे व पाणी सोडणे. समजा त्याने खड्ड्याचा रोध निम्म्यावर, ५ ओहमवर आला; तरी प्रवाह ३३ अँपिअरच्या आसपास जातो, एमसीबी तो बराच वेळ सहन करतो, आणि पत्र्यावरचा दाब १६४ व्होल्टपर्यंतच उतरतो, जो माणसाचा जीव घेण्यास पुरेसा आहे. पिढ्यान्‌पिढ्या मिठावर टाकलेला विश्वास असा दोन भागाकारांत कोसळतो. आणि हे भागाकार फळ्यावर स्वतः करायला लावणे हा नियमाचे कलम वाचून दाखवण्यापेक्षा कितीतरी प्रभावी धडा आहे.

अशा घरात जीव वाचवणारे साधन वेगळे आहे. आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची सतत तुलना करतो आणि त्यांत ३० मिलिअँपिअरचा, म्हणजे अँपिअरच्या शंभराव्या हिश्श्याच्या तिपटीइतका, फरक पडला की मंडल तोडतो. स्पर्शाचा दाब ५० व्होल्टच्या आत राहावा एवढीच अट धरली तर ५० भागिले ०.०३ या हिशेबाने अर्थचा रोध १६०० ओहमपेक्षा अधिक असला तरी तो काम करतो. (याचा अर्थ खड्डा कसाही खणावा असा नव्हे, कोरड्या उन्हाळ्यात रोध वाढतो आणि जोड गंजतात, म्हणून खड्डा चांगलाच हवा.) गळतीसंरक्षणाची सक्ती १९५६ च्या नियमांत ५ किलोवॉटच्या भारापासून होती, ती पुढे २ किलोवॉटपर्यंत खाली आली, त्यामुळे गिझर किंवा वातानुकूलन यंत्र असलेले सामान्य मध्यमवर्गीय घरही तिच्या कक्षेत आले.

परंतु नेमक्या याच साधनाविरुद्ध जुना हात बंड करतो. फ्यूजच्या काळात न्यूट्रल कोठूनही उचलला तरी बिघडत नसे. जिन्यातल्या दिव्याला फेज एका मंडलातून व न्यूट्रल शेजारच्या मंडलातून देणे ही तारेची काटकसर समजली जाई. ती दोन मंडले वेगवेगळ्या आरसीसीबीवर टाकली, की एकातून गेलेला प्रवाह दुसऱ्यातून परत येतो, दोघांनाही ती गळती वाटते आणि दिवा लावताच पुरवठा जातो. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्ये जोडून ठेवण्याची खोडही असाच परिणाम घडवते. घरमालक वैतागतो, कारागीर ‘हा स्विच नाजूक आहे’ असे निदान करून त्याला बगल देतो, आणि डीबीमध्ये, म्हणजे वितरण पेटीत, महागडे उपकरण शोभेपुरते उरते. दोष साधनाचा नसून मागील पिढीच्या वायरिंगचा आहे हे ओळखण्याचे शिक्षण, म्हणजे मंडले एकेक करून वेगळी काढणे, न्यूट्रल सुटे करून विसंवाहनाची म्हणजे इन्सुलेशनची चाचणी घेणे, आणि दोन मंडलांचे मिसळलेले न्यूट्रल हुडकणे, हे कोणत्याही उजळणी वर्गाचे केंद्र असावयास हवे. आरसीसीबीवरील ‘टेस्ट’ बटण फक्त त्याच्या आतील यंत्रणा तपासते, घराच्या अर्थची तार जोडलेली आहे की नाही याबद्दल ते काहीच सांगत नाही, ही साधी गोष्टही अनेकांना चकित करते.

छपरावरील सौर पॅनेल आणि विजेवरील वाहनांचे चार्जर यांनी या विषयात आणखी एक पदर जोडला आहे. प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यातून जातो, त्यामुळे संपर्क उघडताना पडलेली ठिणगी विझण्यास मदत होते; पॅनेलमधून येणाऱ्या एकदिश प्रवाहाला असा शून्यक्षण नसल्याने घरातला नेहमीचा एमसीबी तेथे वापरणे धोक्याचे ठरते. वाहनाच्या चार्जरमधून सपाट एकदिश गळती होऊ शकते आणि ती साध्या ‘एसी’ प्रकारच्या आरसीसीबीला आंधळे करते, म्हणून तेथे ‘बी’ प्रकारचा, किंवा ६ मिलिअँपिअरच्या एकदिश गळतीवर लक्ष ठेवणाऱ्या साधनासह ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी लागतो. एमसीबीचा ‘बी’ आणि आरसीसीबीचा ‘बी’ यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही हे वर्गात मुद्दाम सांगावे लागते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम नव्याने येणाऱ्या मुलांना घडवतात. तारतंत्रीसाठी तर आठवी उत्तीर्ण मुलालाही प्रवेश मिळत आला आहे. प्रश्न त्यांच्यापेक्षा बाजारात आधीच उभ्या असलेल्या हजारो हातांचा आहे, ज्यांचा रोज बुडतो म्हणून ते आठवड्याच्या शिबिराला येत नाहीत. मानके ब्यूरोच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळू लागली ही मोठी सोय झाली, पण त्यांची भाषा इंग्रजी, आणि तीही समित्यांची इंग्रजी. मराठी रूपांतर करताना ‘भूसंपर्कन’ लिहून भागणार नाही. कामाच्या जागी जो शब्द बोलला जातो, अर्थ, न्यूट्रल, लूप, लीकेज, त्याच शब्दात नियम उतरला पाहिजे.

नव्या जोडणीसाठी वितरण कंपनीकडे परवानाधारक कंत्राटदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, आणि या एका कागदात प्रशिक्षणाची सारी परीक्षा दडलेली आहे. जुन्या रीतीने ५० भागिले पॉइंटांची संख्या इतके मेगओहम विसंवाहन पुरे मानले जाई, म्हणजे ५० पॉइंटांच्या घराला १ मेगओहम आणि १०० पॉइंटांच्या घराला अर्धाच. नव्या वळणात ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक मंडल तपासून किमान १ मेगओहम मिळावा लागतो. रकाना भरण्यासाठी मेगर काढावाच लागतो असे नाही, हे या व्यवसायातील उघड गुपित आहे. म्हणून परीक्षकाने उमेदवारास मुद्दाम बिघाड केलेल्या फळ्यापुढे उभे करावे, एका मंडलात न्यूट्रल मिसळलेला, दुसऱ्यात अर्थ तुटलेला, तिसऱ्यात ओल शिरलेली, आणि त्याने भरलेले आकडे आपल्या मोजणीशी ताडून पाहावेत. हे आकडे कोठे, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या साधनाने घ्यावयाचे, याचा तपशील पुढील लेखांकात येईल.