स्पिनालोंगाची बोट



दिवाळी अंकासाठी लेख मागायला संपादकांचा फोन आला तेव्हाच त्यांनी अट घातली होती : "प्रवासवर्णन चालेल, पण विमानात काय खायला दिलं आणि हॉटेलात न्याहारीला काय होतं, ते कृपा करून नको." अट मान्य. एवढंच सांगते की क्रीट बेटावर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. 'दाकोस' नावाचा प्रकार सगळीकडे मिळतो : जवाचा खडखडीत टोस्ट, त्यावर किसलेला टोमॅटो, मऊ पांढरं चीज आणि ऑलिव्हचं तेल. आईने तो "बरा आहे, पण मिळमिळीत" असं म्हणत आठवडाभर खाल्ला. पर्समध्ये शेंगदाण्याच्या चटणीची पुडी होती, म्हणून निभावलं.

गेल्या जूनमध्ये आम्ही पाच जण गेलो होतो : आम्ही दोघं, दोन मुलं आणि तीन महिन्यांसाठी सांगलीहून आलेली माझी आई. (ज्यांचे आईवडील भारतीय पासपोर्टवर येतात त्यांनी लक्षात ठेवावं, इंग्लंडचा व्हिसा ग्रीसला चालत नाही. शेंगेनचा वेगळा काढावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. आमच्या हातात तो निघायच्या चार दिवस आधी पडला.)

पूर्व क्रीटमध्ये आयिओस निकोलाओस नावाचं बंदराचं गाव आहे. तिथून दिवसभराच्या सहलीच्या बोटी सुटतात. सकाळी निघायचं, वाटेत बेटं बघायची, स्पिनालोंगाच्या किल्ल्यावर गाइडबरोबर फिरायचं, मग एका खाडीत पोहायला थांबायचं आणि संध्याकाळी परत. नवऱ्याने लहानपणी सिंधुदुर्ग पाहिला आहे. तेव्हापासून पाण्यातला किल्ला म्हटलं की त्याला राहवत नाही. तिकिटं त्यानेच काढली.

मला जायचं होतं ते वेगळ्या कारणासाठी, आणि ते मी आईला सांगितलं नव्हतं. स्पिनालोंगा ही १९०४ ते १९५७ या काळात कुष्ठरोग्यांची वसाहत होती. सुट्टीवर आलेल्या आईपुढे महारोगाचा विषय कशाला, असं वाटलं. "जुना किल्ला आहे, फार चढ नाही," एवढंच म्हटलं. त्यातलं दुसरं वाक्य खोटं निघालं.

माझं कारण रसायनशास्त्राचं होतं. माझी नोकरी इपॉक्सी रेझिनची. विमानाच्या पंखांना जे कार्बन फायबर वापरतात, त्यातलं रेझिन कडक होण्यासाठी त्यात हार्डनर मिसळावा लागतो. त्यांतला एक नेहमीचा हार्डनर म्हणजे डायअमिनो-डायफेनिल सल्फोन, आमच्या भाषेत डीडीएस. पांढरट पावडर. आम्ही ती किलोंनी वापरतो. याच पदार्थाचं औषधी नाव डॅप्सोन. औषधाची शुद्धता वेगळी, कसोट्या वेगळ्या. रेणू मात्र तोच. १९०८ साली जर्मनीत फ्राइबुर्गला फ्रॉम आणि विटमान यांनी तो प्रथम बनवला, तेव्हा त्याचा औषध म्हणून विचारही कोणी केला नव्हता. १९४१ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथे डॉ. गाय फॅजेट यांनी त्याच कुळातलं प्रोमिन कुष्ठरोग्यांना टोचून पाहिलं आणि जखमा भरू लागल्या. पुढच्या काही वर्षांत साध्या डीडीएसच्या गोळ्या आल्या. मोठ्या माणसाला दिवसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही. हजारो वर्षं ज्या रोगाच्या नावाने माणसं गावाबाहेर काढली, त्याचं हे औषध तेहतीस वर्षं प्रयोगशाळेच्या बाटलीत पडून होतं. ते ज्यांच्यासाठी आलं, त्यांची जागा एकदा बघावी, असं बरेच दिवस मनात होतं.

बोट सुटली. वाटेत एका ओसाड बेटाजवळ गाइडने वेग कमी करायला सांगितला आणि कड्यावरच्या क्रि-क्रि, म्हणजे क्रीटच्या रानबकऱ्या दाखवल्या. मुलगा दुर्बिणीसाठी बहिणीशी भांडला. आईने "आपल्याकडच्या शेळ्याच की" असा शेरा मारला. तासाभराने तांबूस दगडाचा किल्ला समोर आला.

गाइड पन्नाशीची, त्याच भागातली बाई होती. तिने आधी व्हेनिसवाल्यांचा इतिहास सांगितला. एलुंदाच्या खाडीचं तोंड राखायला १५७९ मध्ये त्यांनी हा किल्ला बांधायला घेतला. सगळं क्रीट तुर्कांनी जिंकल्यावरही हे बेट व्हेनिसच्या ताब्यात राहिलं, ते थेट १७१५ पर्यंत. नवरा खूष. पुढे इथे मुसलमान वस्ती झाली, आणि १९०३ मध्ये क्रीटच्या सरकारने बेट कुष्ठरोग्यांसाठी ठरवलं. त्याआधी हे रोगी गावांच्या वेशीबाहेर झोपड्या करून भीक मागत. "गावकुसाबाहेर" हा शब्द मी मुलांना भाषांतर करून सांगत होते. आई ऐकत होती, पण काही बोलली नाही.

आत जायचा रस्ता भिंतीतल्या एका अंधाऱ्या बोगद्यातून आहे. रोगी तिथूनच आत जात. त्याला 'दान्तेचा दरवाजा' म्हणतात, कारण पलीकडे काय आहे ते आत शिरणाऱ्याला ठाऊक नसे. पलीकडे आहे ती एक गल्ली. दुकानं, कॅफे, न्हाव्याची जागा, १७०९ मधलं संत पांतेलेमॉनचं चर्च, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या. पहिली काही दशकं इथे फार हाल होते. १९३६ मध्ये एपामिनोंदास रेमुंदाकिस नावाचा कायद्याचा विद्यार्थी रोगी म्हणून आला आणि त्याने रोग्यांचं मंडळ काढलं. घरांना चुना दिला, शाळा चालवली, नाटकं केली, भिंती फोडून बेटाभोवती रस्ता काढला. सरकारकडे भांडून मागण्या मान्य करून घेतल्या. (मंडळाच्या कामाला वेळ नाही, अशी आमची सर्वांचीच तक्रार असते. म्हणून हे जरा लांबण लावून लिहिलं.) कायद्याने मनाई असूनही माणसांनी लग्नं केली. मुलं झाली. निरोगी निघालेली मुलं बेटावरून नेली जात.

सगळ्यात जास्त अंगावर आलं ते समोरचं प्लाका गाव. इतकं जवळ असेल असं मला वाटलं नव्हतं. भिंतीशी उभं राहिलं की तिथल्या हॉटेलांच्या छत्र्यांचे रंग ओळखता येतात. वारा या बाजूचा असला तर भांड्यांचा आवाजही येत असणार. बोटीने आठ-दहा मिनिटं. तेवढं पाणी ओलांडायला इथल्या माणसांची हयात पुरली नाही.

बेटावर सावली जवळजवळ नाही. पाणी, टोपी आणि चांगले बूट घेतल्याशिवाय जाऊ नये. दगड गुळगुळीत झालेले आहेत. साडीवर स्पोर्ट्स शूज घालून आई हळूहळू चालत होती. दुसऱ्या टोकाला दफनभूमी आहे. सिमेंटच्या सपाट लाद्या, नावं नाहीत. तिथे आई थांबली आणि मला म्हणाली, "हिला विचार, या लोकांचं नंतर कोणी करतं का?"

मला आधी प्रश्न कळलाच नाही. मग तो इंग्रजीत कसा विचारावा ते कळेना. कसाबसा विचारला. गाइड म्हणाली, वसाहत १९५७ मध्ये बंद झाली, उरलेल्या रोग्यांना अथेन्सच्या रुग्णालयात नेलं. पण त्यांचा पाद्री गेला नाही. त्यांच्यात मृताची प्रार्थना चाळिसाव्या दिवशी, मग सहा महिन्यांनी, वर्षाने, तीन वर्षांनी, पाच वर्षांनी करायची पद्धत आहे. इथे पुरलेल्यांच्या त्या प्रार्थना पुऱ्या करायला तो रिकाम्या बेटावर राहिला आणि १९६२ मध्ये गेला.

मी हे मराठीत सांगितलं. आई एका दगडावर बसली. म्हणाली, "माझी आत्या होती. तिला रक्तपिती झाली होती."

अडतीस वर्षांत मी या आत्याचं नाव ऐकलेलं नव्हतं.

आई तेव्हा सहा वर्षांची होती, म्हणजे १९५९ साल. माझी धाकटी आज जेवढी आहे तेवढी. आत्या सोळाव्या वर्षी लग्न होऊन गेली आणि विसाव्या वर्षी अंगावर चट्टे दिसले म्हणून सासरच्यांनी आणून सोडली. वर्षभर ती परसातल्या खोलीत होती. तिथून ती खिडकीतून आईला गोष्टी सांगायची, चिंध्यांची बाहुली तिनेच करून दिली होती. मग एका रात्री अंगणात बैलगाडी जुंपली. कंदील होता. आत्या रडली नाही. सकाळी आजोबांनी तिचं अंथरूण, लुगडी आणि आईची बाहुली परसात एकत्र जाळली. "बाहुली जळताना आठवते," आई म्हणाली. "आत्याचं तोंड आठवत नाही."

तिला लांबच्या एका कुष्ठधामात ठेवलं होतं. दर दिवाळीला तिथून एक पोस्टकार्ड यायचं. अक्षर दर वर्षी वेगळं, म्हणजे कोणाकडून तरी लिहून घेत असणार. आजोबा ते उभ्याने वाचायचे आणि चुलीत घालायचे. सहा-सात वर्षांनी कार्ड आलं नाही. गावात आधीच सांगून झालं होतं, ती काशीला गेली म्हणून.

मी आईला औषधाबद्दल सांगायला लागले. म्हटलं, तेव्हा गोळ्या आलेल्या होत्या, १९५९ ला तर नक्कीच. आई म्हणाली, "ठाऊक होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आजोबांना सांगितलं होतं, गोळ्या देतो, घरीच ठेवा. आजीने मला नंतर सांगितलं. पण आणखी दोन आत्यांची लग्नं व्हायची होती."

तोपर्यंत माझ्या डोक्यात सगळी गोष्ट रेणूची होती. औषध सापडलं, दरवाजे उघडले. स्पिनालोंगाचं खरोखर तसंच झालं. आईच्या माहेरची बैलगाडी निघाली ती त्यानंतर दोन वर्षांनी, आणि तीही गोळी हाताशी असताना.

आपल्याकडे काही काम झालं नाही असं नाही. मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम १९३६ मध्ये काढलं, बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभं केलं, हे शाळेत शिकलो. मुंबईत वडाळ्याचं रुग्णालय १८९० चं. ज्या ॲक्वर्थसाहेबाच्या नावाने ते ओळखलं जातं, त्यानेच शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले, हे मला अलीकडेच कळलं. पण रोग्यांना वेगळं ठेवणारा १८९८ चा कायदा भारतात रद्द झाला तो २०१६ मध्ये. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे या कारणावर घटस्फोट मिळत असे, ते कलम गेलं २०१९ मध्ये. आणि रोग तरी कसा? शंभरातल्या पंचाण्णव माणसांना जंतू शिरला तरी काही होत नाही. तीन औषधं एकत्र दिली की सहा महिने ते वर्षभरात रुग्ण बरा होतो, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्यापासून संसर्ग होत नाही. औषध फुकट मिळतं. तरीही जगातले निम्म्याहून अधिक नवे रुग्ण आजही भारतात सापडतात, आणि पुष्कळजण येतात ते बोटं वाकडी झाल्यावर, कारण पहिला चट्टा लपवलेला असतो.

परतीच्या वाटेवर बोट पोहायला थांबली. पाणी इतकं स्वच्छ की नांगर तळाशी टेकलेला दिसत होता. मुलं आणि नवरा पाण्यात. मी आईला विचारलं, हे मी लिहू का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लिही. पण नाव घालू नकोस, गावही नको. धाकट्याच्या मुलीचं अजून ठरायचंय." म्हणून इथे नाव नाही.

यंदाच्या गणपतीत स्वयंपाकघरात वडे तळताना हे मी आपल्यातल्या दोघींना सांगितलं. एक जण काही न बोलता झारा घेऊन उभी राहिली. रात्री भांडी आवरल्यावर गाडीपर्यंत माझ्याबरोबर आली आणि म्हणाली, "आमच्याकडे काका होते."

सर्वपित्रीला आईचा सांगलीहून फोन आला. मामाकडे श्राद्ध होतं. आईने त्याला आत्याचं नाव घ्यायला सांगितलं. तो आईहून आठ वर्षांनी लहान, त्याने विचारलं, हे कोण? आईने भटजींसमोरच सगळं सांगितलं. भटजी तरुण होते, त्यांनी ऐकून घेतलं आणि गोत्र विचारलं. लग्न झालेल्या बाईचं सासरचं गोत्र लागतं. सासरच्यांनी तर तिला आणून सोडलेली. मामा म्हणाला, माहेरचं म्हणा. भटजी म्हणाले, शास्त्राला धरून नाही. बराच वेळ खोळंबा झाला, पानं वाढायची थांबली.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"मी म्हटलं, दोन्ही सांगा," आई म्हणाली.